हे ठोंबाचं गवत नक्की कुठलं? नऊ उपटले, बाकीचे उपटू का?

बुशवाली | १२ जुलै, रात्री ९:४०
नमस्कार मंडळी. बागकामाच्या धाग्यांवर नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहितेय.
मेलबर्नपासून दीड तासावर आम्ही गेल्या वर्षी पाच एकरांचा तुकडा घेतला. वर स्ट्रिंगीबार्क आणि बॉक्स जातीची निलगिरीची झाडं आहेत, पण दाटी नाही. ऊन थेट जमिनीपर्यंत पोचतं आणि खाली सगळीकडे गवताचे ठोंबच ठोंब. पाती दोऱ्यासारखी बारीक, गुडघ्याच्या जरा खाली येतील एवढी, रंग राखाडी-हिरवा, मधे बरीच वाळलेली. हात फिरवला तर खरखरीत लागतात. सध्या कडाक्याची थंडी आहे, तुरा एकालाही नाही.
गेल्या आठवड्यात कुंपणालगतचं तण फवारायला एक माणूस बोलावला होता. तो गाडीतून न उतरताच म्हणाला, ‘हे सगळं सेरेटेड टसॉक आहे, काढून टाका.’ त्या कुप्रसिद्ध तणाचं नाव ऐकून माझ्या पोटात गोळा आला. शनिवारी कुदळ घेऊन नऊ ठोंब उपटले आणि कंबर धरली. मग विचार केला, एकदा इथे विचारून बघू. चार फोटो टाकलेत.

पाचोळा | १२ जुलै, रात्री १०:०५
कंबर धरल्यावर विचारायची पद्धत आवडली. :)
पण मुळात हे गवतच आहे ना? माझ्याकडे लोमँड्रा आहे, ते गवत नाही, पण लांबून अगदी असंच दिसतं.

बुशवाली | १२ जुलै, रात्री १०:२०
आता आली का पंचाईत! गवत नाही तर काय असेल?

ठोंब्या | १३ जुलै, सकाळी ७:१५
मी इथल्या एका लँडकेअर गटात (जमिनीची निगा राखणारे स्वयंसेवक) आठ वर्षं तण काढतोय, त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही. पाचोळा यांची शंका रास्त आहे. लोमँड्राची पाती चिवट आणि चपटी असतात. लोमँड्रा लाँगिफोलियाच्या पात्याचं टोक तर कुणी दातांनी कुरतडल्यासारखं असतं. शिवाय पातं आणि त्याचं म्यान (दांड्याला गुंडाळलेला खालचा भाग) जिथे जुळतात तिथे गवताला जिभली, म्हणजे छोटासा पापुद्रा किंवा केसांची रांग असते, ती लोमँड्राला नसते. लव्हाळ्याच्या जातीतलं असेल तर तुरा धरणारा दांडा बोटांत फिरवून बघायचा, बहुतेकांचा तिधारी लागतो. फोटो ३ मध्ये एका वाळक्या दांड्यावर पेर स्पष्ट दिसतंय. गवतच आहे.
बुशवाली, एवढं करा: दहावा ठोंब उपटू नका.

बुशवाली | १३ जुलै, सकाळी ७:५०
का? म्हणजे ते सेरेटेड नाही?

ठोंब्या | १३ जुलै, सकाळी ८:१०
असं मी म्हणत नाही. फोटोवरून दोन्ही असू शकतं आणि इथेच सगळे फसतात.
सेरेटेड टसॉक म्हणजे नॅसेला ट्रायकोटोमा. मूळ दक्षिण अमेरिकेतलं. इथे १९३५ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या यासच्या आसपास सापडलं आणि पसरत गेलं. १९९९ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांची पहिली वीस जणांची यादी झाली, त्यात हे होतं. पात्यात तंतू फार, पोषण जवळजवळ नाही. मेंढ्यांना नुसतं हेच मिळालं तर पोट भरलेलं असूनही त्या उपाशी मरतात. त्यामुळे त्या माणसाचं घाबरवणं अगदीच खोटं नव्हतं.
पण तुम्ही वर्णन केलेल्या उघड्या जंगलात, तशाच ठोंबांचं, तशाच बारीक पात्यांचं एक अस्सल इथलं गवत आहे: पोआ सीबेरियाना, ग्रे टसॉक-ग्रास. हिवाळ्यात तुरा नसताना ही दोन शेजारी ठेवली तर भलेभले चुकतात. मी स्वतः पहिल्या वर्षी पोआचे दोन पिशव्या भरून ठोंब काढले होते आणि वर शाबासकीही घेतली होती.

खुरपं | १३ जुलै, दुपारी १२:३०
त्यात एवढं काय अवघड आहे? नावातच सेरेटेड, म्हणजे दातेरी आहे. टोकाकडून बुडख्याकडे बोट ओढायचं, करवतीसारखं लागलं की सेरेटेड. ताईंनी खरखरीत म्हटलंय, विषय संपला. उपटा.

ठोंब्या | १३ जुलै, दुपारी १:१०
खुरपंराव, हीच तर गंमत आहे. पोआ सीबेरियानाची पातीही खरखरीतच असतात. दोन्हींच्या कडेला टोकाच्या दिशेने वळलेले बारीक दात असतात. वरून खाली बोट ओढलं की दोन्ही लागणार. खरखरीतपणावर फासावर चढवायचं ठरवलं तर निम्मं जंगल चढवावं लागेल.

निवृत्त_कृषी | १३ जुलै, संध्या. ६:४५
मी पुण्यातून लिहितो आहे. ऑस्ट्रेलियातलं गवत मी पाहिलेलं नाही, पण नोकरीची तीस वर्षं कुरणांत गेली म्हणून दोन शब्द.
आपल्याकडे मारवेल पेरावरून ओळखता येतं. पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं, तुरा नसला तरी चालतं. कुसळी ओळखायला तर डोळेही लागत नाहीत, पायजम्याला विचारलं तरी सांगतो. पण अशी खूण उघड नसली तर आम्ही तुरा येईपर्यंत नाव लिहीत नसू. नवीन पोरं घाईने लिहायची आणि पावसाळा संपला की खोडायची. पानावर ऊन, सावली, पाणी, जनावराचं तोंड या सगळ्यांचा परिणाम होतो. तुरा त्या मानाने प्रामाणिक.
तेव्हा बाई, थांबता येत असेल तर थांबा.

बुशवाली | १३ जुलै, रात्री ८:३०
काका, धन्यवाद. थांबायला माझी हरकत नाही, पण ते तणच निघालं तर? फुलोरा आला की बी पण येणार ना?

ठोंब्या | १३ जुलै, रात्री ९:००
बरोबर शंका आहे. एका मोठ्या ठोंबाला वर्षाला लाखाच्या घरात बिया येऊ शकतात. अख्खा तुरा तुटून वाऱ्यावर सुटतो आणि कुंपणाला अडकून त्याचे ढीग लागतात. म्हणून नुसतं थांबायचं नाही, लक्ष ठेवून थांबायचं. तुरा दिसू लागल्यापासून बी पिकेपर्यंत काही आठवडे मिळतात, तेवढे पुरतात.
आणि तोवर हात बांधून बसायचीही गरज नाही. जिभली बघा. पातं म्यानातून जिथे बाहेर पडतं तिथे ते हळूच मागे वाकवायचं. सेरेटेडमध्ये तिथे पांढरा, पातळ, बिनकेसांचा पापुद्रा दिसतो, उंची साधारण एक मिलिमीटर. पोआ सीबेरियानाची जिभली त्याच्या निम्मीही नसते. वरून कापल्यासारखी आखूड आणि काठाला बारीक केस. नुसत्या डोळ्यांना ती ‘नाहीच’ असं वाटतं. दहापट भिंग लागेल.
दुसरी परीक्षा बोटांची. एक पातं अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवायचं. सेरेटेडचं पातं घट्ट गुंडाळलेलं असल्यामुळे शिवणाच्या सुईसारखं गोल फिरतं. पोआचं दुमडलेलं, जरा कोनेरी, त्यामुळे फिरताना अडखळतं. पण ही परीक्षा सवयीची आहे. पहिल्या दिवशी सगळंच गोल लागतं आणि दुसऱ्या दिवशी सगळंच कोनेरी.

पाचोळा | १३ जुलै, रात्री ९:१५
हाताने चाचपडण्याआधी काठीने ठोंब हलवून घ्या हो ताई. थंडीत साप सुस्त असतात, पण उन्हाचा दिवस निघाला तर ब्राउन स्नेक येऊन बसलेला असतो. अनुभवाचे बोल आहेत, तपशील विचारू नका.

बुशवाली | १९ जुलै, दुपारी ३:२०
अहवाल देते.
मुलाचं नाणी बघायचं भिंग सापडलं. अकरा ठोंबांतून एकेक काडी म्यानासकट काढली, प्रत्येकीला चिकटपट्टीवर आकडा लिहून लावला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर काळ्या कागदावर मांडल्या. काळा कागद ही पाचोळांनी व्यक्तिगत निरोपात केलेली सूचना, त्याशिवाय जिभली दिसलीच नसती. नऊ काड्यांत पातं वाकवलं की जवळजवळ काहीच नाही, भिंगातून बघितलं तर अगदी झिजलेल्या टूथब्रशसारखी आखूड केसांची रांग. दोन काड्यांत मात्र चक्क पांढरं नख उभं असावं तसा पापुद्रा. तो भिंगाशिवाय दिसला.
आकडे ताडून बघितले. ते दोन्ही ठोंब फाटकाजवळचे निघाले. बाकी सगळे आत, झाडांखालचे.

ठोंब्या | १९ जुलै, दुपारी ४:००
वा! फाटकाजवळचे, हे वाचून नवल वाटलं नाही. गाड्यांच्या चाकांबरोबर आणि वाऱ्याबरोबर बी येतं ते आधी फाटकात आणि रस्त्याकडेला रुजतं. मधल्या जंगलात जुने पोआ जागा अडवून बसलेले असले तर त्याला उभं राहायला जागा मिळत नाही.
त्यावरून आठवलं. तुम्ही उपटलेले नऊ कुठले?

बुशवाली | १९ जुलै, दुपारी ४:३०
...आतले. झाडांखालचे.

खुरपं | १९ जुलै, संध्या. ५:१०
मी ‘विषय संपला’ म्हटलं होतं ते मागे घेतो. :(

ठोंब्या | १९ जुलै, संध्या. ५:४०
होतं असं. उपटलेले टाकून दिलेत का? मुळं ओली असतील तर तीन-चार ठोंब फाडून परत लावता येतील, हिवाळा त्यासाठी वाईट नाही. आणि त्या नऊ खड्ड्यांवर वसंतात नजर ठेवा. उघडी माती, वर ऊन आणि जवळच सेरेटेडचं बी. त्याला आणखी काय हवं असतं? नाव न ओळखता तण काढण्यात माझा मुख्य राग यावरच आहे. चुकीचं गवत मरतं हे एक नुकसान झालंच, पण बरोबर तणासाठी आपणच वाफा तयार करून ठेवतो.
फाटकाजवळचे दोन मात्र आत्ताच काढायला हरकत नाही. मुळासकट काढा, माती झटका, पिशवीत भरा.

रानवेडा | २० जुलै, सकाळी ६:५०
उशिरा आलो. कायद्याचं थोडं सांगतो, कारण त्याबद्दल कुणी बोललेलं नाही. व्हिक्टोरियात कॅचमेंट अँड लँड प्रोटेक्शन अ‍ॅक्ट, १९९४ खाली घोषित तणांची जबाबदारी जमीनमालकावर येते, तेव्हा सेरेटेडकडे दुर्लक्ष करता येत नाही. पण उलट बाजूही आहे. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवरची इथली मूळ वनस्पती काढायला साधारणपणे नियोजन परवाना लागतो, काही सवलती सोडल्या तर. आणि मूळ वनस्पतीत गवत धरलेलं आहे, नुसती झाडं नाहीत. तुमचे पाच एकर म्हणजे दोन हेक्टर. त्या फवारणीवाल्याच्या शब्दावर सगळं साफ केलं असतं तर पंचाईत तुमची झाली असती, त्याची नव्हे. कौन्सिलला एक फोन करून ठेवा.

बुशवाली | २० जुलै, सकाळी ७:३०
बाप रे. गवताला परवाना! सासूबाईंना सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसत नाहीये.

निवृत्त_कृषी | २० जुलै, सकाळी ११:००
तुमच्या सासूबाईंना सांगा, गायरानात गवत कापण्यावरून आपल्याकडे डोकी फुटलेली आहेत. त्यामानाने परवाना बरा.

मृदगंध | २० जुलै, दुपारी २:००
छान चाललाय धागा. एक प्रश्न. पोआ म्हणजे पोआ, पण त्यातला सीबेरियानाच कशावरून? माझ्याकडे नर्सरीतून आणलेला पोआ लॅबिलार्डिएरी आहे, तोही ठोंबच करतो.

ठोंब्या | २० जुलै, रात्री ९:२०
चांगला प्रश्न. लॅबिलार्डिएरी दांडगा असतो. पाती तीन मिलिमीटरपर्यंत रुंद आणि तुऱ्यासकट माणसाच्या कंबरेच्या वर जातो. त्याला ओल आवडते, ओढ्याकाठी आणि सखल भागात बघावा. त्याच्या लांब पात्यांची दोरी वळून आदिवासी लोक जाळी आणि टोपल्या करत. सीबेरियाना कोरड्या, हलक्या मातीत, मोकळ्या जंगलात. त्याचं पातं एक मिलिमीटरच्या आत. पोआ मॉरिसाय हा तिसरा, त्याची पाती मखमली लागतात, म्हणून त्याला व्हेल्व्हेट टसॉक-ग्रास म्हणतात.
सीबेरियानाचे परत तीन उपप्रकार. त्यातल्या सायनोफिला नावाच्याची पाती निळसर, हर्टेलाची केसाळ. फोटो २ मधला ठोंब मला निळसर वाटतो, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यावर विश्वास ठेवून मी उपप्रकार सांगणार नाही.
नावामागचा सीबर हा प्रागचा. १८२३ मध्ये सिडनीला काही महिने राहून वनस्पती गोळा करून गेला, आणि स्प्रेंगेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच्या नावावरून या गवताचं बारसं केलं.

पाचोळा | २० जुलै, रात्री ९:४०
काही महिने राहून गवतावर नाव. आम्ही इथे पंधरा वर्षं आहोत, लेटरबॉक्सवरही नाव धड लिहिलेलं नाही.

बुशवाली | १६ नोव्हेंबर, रात्री ८:१५
धागा वर काढते. तुरे आलेत!
आतल्या ठोंबांना बारीक, सरळ, विरळ तुरे आहेत. एक कणिशक (तुऱ्यातलं इवलं कणीस) नखावर घेऊन सुईने उलगडलं. चपटं, हिरवट-जांभळं, लांबी तीनचार मिलिमीटर, आत एकावर एक चार फुलं, कुसळ नाही. सुईने फुलं ओढून वेगळी केली तेव्हा बुडाशी कोळिष्टकासारखे दोनतीन तंतू ताणले गेले. ते दिसल्यावर मी एकटीच स्वयंपाकघरात ‘आहे, आहे!’ म्हणून ओरडले, नवरा धावत आला.

ठोंब्या | १६ नोव्हेंबर, रात्री ८:४०
ते कोळिष्टक पोआची सही समजा. पोआच्या सगळ्या जातींत नसतं, बऱ्याच जातींत असतं. एका कणिशकात अनेक फुलं, कुसळ नाही आणि बुडाशी जाळं, म्हणजे नॅसेला बाद. सेरेटेडच्या कणिशकात एकच दाणा असतो, दीडएक मिलिमीटरचा. त्याला केसासारखं दोन-अडीच सेंटिमीटरचं कुसळ आणि बाहेरचे तुष जांभळे. लांबून अख्ख्या ठोंबावर जांभळट धूर उतरल्यासारखा दिसतो. पातं, जिभली, जागा आणि आता तुरा. माझ्याकडून पोआ सीबेरियाना पक्कं. तरी एक काडी तुऱ्यासकट वर्तमानपत्रात दाबून ठेवा. हर्बेरियमला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला) दाखवायची वेळ आली तर मुळाजवळचं म्यान आणि तुरा दोन्ही लागतात.

बुशवाली | १६ नोव्हेंबर, रात्री ९:०५
ठेवलीय. आता दुसरी बातमी. परत लावलेल्या चारपैकी तीन ठोंब जगले. उरलेल्या खड्ड्यांत तुम्ही म्हणालात तेच झालं. दोन खड्ड्यांत बारीक हिरवी रोपं उगवलीत, बोटांत अगदी सुईसारखी फिरतात आणि पांढरी जिभली इवल्या पात्यालाही आहे. आठ उपटली. इतर खड्ड्यांच्या कडेला, जिथे पोआ शेजारी उभा आहे, तिथे एकही नाही.
आणि ठोंबांच्या मधल्या मोकळ्या जागेत आत्ता काय आहे माहितीये? जांभळी, हातभर उंच दांड्यावरची फुलं. जवळ गेलं की चॉकलेटचा वास येतो. खरंच, कल्पना नाही.

रानवेडा | १६ नोव्हेंबर, रात्री ९:३०
चॉकलेट लिली! कंद आहे, उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून जातं. तिला ठोंबांमधली तेवढीच मोकळी फट हवी असते. जुलैमध्ये सरसकट फवारलं असतं तर तिचीही पाती नेमकी त्या वेळी वर आलेली असती.

खुरपं | १६ नोव्हेंबर, रात्री १०:००
ताई, पुढच्या वेळी तो फवारणीवाला आला तर?

बुशवाली | १६ नोव्हेंबर, रात्री १०:१०
आला होता की, परवा. या वेळी त्याला गाडीतून उतरवलं, हातात भिंग दिलं आणि दोन काड्या दिल्या. बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, ‘याचं काय म्हणालात तुम्ही, जिभली?’ मी इंग्रजीत बोलता बोलता मराठी शब्द वापरला होता, आणि तो तस्साच उचलला त्याने.

निवृत्त_कृषी | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:३०
आठ रोपं उपटलीत ते ठीक. जागा दगडाने खूण करून ठेवा, पाऊस झाला की परत बघा. बी सगळं एकदम उगवत नाही.

बुशवाली | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:०५
हो काका. खूण आहे. आज सकाळीच चहा घेऊन गेले होते, नववं सापडलं.